आजीची वही आणि बिल्ड २१२८

हातातला फोन बाजूला ठेवा. आपण निघालोय तिथे त्याचा काही उपयोग नाही.

शनिवार, १३ नोव्हेंबर १९९९. संध्याकाळचे साडेपाच. अंधेरी पूर्वेला सीप्झमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बसलेले आहात. दिवाळी गेल्याच आठवड्यात झाली, डब्याच्या तळाशी चकल्यांचा चुरा आहे. सोमवारी हैदराबादला सचिन आणि द्रविडनं न्यूझीलंडची धुलाई करत ३३१ धावांची भागीदारी केली, त्याची चर्चा चहाच्या यंत्रापाशी अजून संपलेली नाही. बाकी सगळा मजला वायटूकेला जुंपलेला. दोन आकडी वर्ष शोधायचं, चार आकडी करायचं, पुढची फाइल उघडायची. जग बुडायला दीड महिना राहिला आहे आणि ते वाचवण्याचे पैसे तासावर मिळतात.

तुमच्यासमोर मात्र एक सीडी आहे. कंपनी एमएसडीएनची वर्गणी भरते, त्या पाकिटातून ती आली. तिच्यावर लिहिलंय: विंडोज २००० प्रोफेशनल, रिलीज कँडिडेट २. कँडिडेट म्हणजे उमेदवार. महाराष्ट्रात नुकत्याच निवडणुका होऊन गेल्या आहेत, तेव्हा उमेदवाराच्या शब्दावर किती विसंबायचं हे तुम्हाला सांगायला नको. या उमेदवाराचं मूळ नाव एनटी ५.०. गेल्या वर्षी ऑक्टोबरात बारसं पुन्हा झालं आणि तो विंडोज २००० झाला. तारखा पुढे पुढे सरकत राहिल्या. बीटा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आता म्हणे जवळजवळ तयार आहे.

कोपऱ्यातला जुना पीसी तुम्हाला दिलाय. सिस्टिम ॲडमिन जाता जाता बजावतो, "बघ हां, उडाला तर सोमवारी माझ्याकडे रडत येऊ नकोस. आणि त्यात कामाचं काही ठेवू नकोस."

कामाचं काही ठेवणारच नाही तुम्ही. तुमच्या पिशवीत एक फ्लॉपी आहे. लेबलवर निळ्या शाईत लिहिलंय: आजीची वही.

ती पिशवीतच राहू दे. आधी यंत्र उभं करू.

मॉनिटरचं बटण दाबलं की आतून एक घुमारा येतो आणि काचेवर हात नेला की केस उभे राहतात. सीडी आत जाते, घरघरते. पडदा निळा होतो, पांढरी अक्षरं येतात. खालच्या ओळीत विचारणा: वेगळा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा. तुम्ही गप्प बसता. मग कराराची पानं येतात. ती कोणीच वाचत नाही, तुम्हीही एफ-एट दाबून मान्य करता. डिस्क कुठल्या पद्धतीनं आखायची, फॅट की एनटीएफएस? नवं घर बांधतोच आहोत तर पाया नवा हवा, तुम्ही एनटीएफएस निवडता. मग पिवळी पट्टी सरकायला लागते आणि तुम्ही चहा घेऊन येता. परत येता तेव्हा ती अर्ध्यावर आहे. मग आणखी एक चहा.

पीसी स्वतःच बंद होऊन चालू होतो. आता खिडक्या, बटणं, माउस. यंत्र आपल्या अंगातले भाग चाचपून बघायला लागतं. पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा उजळतो. विंडोज ९८ असतं तर या जागी तुम्ही श्वास रोखून धरला असता. इथे चक्क सगळं पुढे जातं. तासाभरानं डेस्कटॉप समोर येतो.

पहिली गोष्ट रंग. पंचाण्णवपासून डोळ्यात बसलेला तो हिरवट निळा गेला. त्याच्या जागी शांत निळा, पावसाळ्यानंतरच्या आकाशासारखा. दुसरी गोष्ट सावली. माउसच्या बाणाखाली एक पुसट सावली आहे आणि बाण कागदावर किंचित तरंगतोय असं वाटतं. तुम्ही उगाच पाचदहा वेळा माउस गोल फिरवून बघता. कोणी बघत नाही ना, एवढं आधी पाहून घेता. मेन्यू टपकन उघडत नाहीत, हळूच उमटतात. स्टार्ट मेन्यू मात्र आगाऊ आहे. तुम्ही जे फारसं वापरत नाही ते त्यानं परस्पर लपवून टाकलंय आणि शोधायला गेलं की खालच्या दुहेरी बाणावर टिचकी मारावी लागते. घरातल्या एखाद्या अतिउत्साही माणसानं आपलं कपाट आवरून ठेवावं, तसं.

उजव्या खालच्या कोपऱ्यात, भिंतीवर कोणी पेन्सिलीनं लिहून ठेवावं तशी दोन ओळींची नोंद आहे. इव्हॅल्युएशन कॉपी. बिल्ड २१२८. हे घर अजून बिल्डरच्याच ताब्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुदत संपली की ही प्रत आपोआप चालेनाशी होईल.

आणि हो, घराला तडेही आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड कार्डापाशी पिवळं प्रश्नचिन्ह. म्हणजे मुकं यंत्र, स्वागताची धूनही नाही. मोडेमला तर हे घर ओळखतच नाही. त्यामुळे व्हीएसएनएलला फोन लावून इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा म्हटलं, तर ज्यातून उतरवायचा तोच बंद. तरी एक गोष्ट तुमच्या लक्षात येते आणि सुखावते. नेटवर्कचा पत्ता बदलला, तर यंत्रानं 'आता मला बंद करून चालू करा' म्हटलं नाही. विंडोज ९८ मध्ये हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकायची सवय झालेल्या माणसाला हा मोठा दिलासा आहे.

इथवर कुठल्याही देशातल्या कुठल्याही माणसाला हेच दिसलं असतं. आता फक्त तुमच्यासाठी म्हणून जे आहे तिकडे वळू.

कंट्रोल पॅनेल उघडा. रीजनल ऑप्शन्स. तारीख कशी लिहायची, पैशाचं चिन्ह कुठलं, असल्या गोष्टी इथे असतात. तळाशी मात्र एक नवी यादी आहे. यंत्राला कोणकोणत्या लिप्या वाचता-लिहिता याव्यात याची. अरबी, आर्मेनियन, बाल्टिक, जॉर्जियन, ग्रीक, हिब्रू आणि त्याच्या खाली, पुढच्या जपानी-कोरियनच्या आधी, एक रिकामा चौकोन: इंडिक.

तुम्ही त्या चौकोनात टिचकी मारता. बरोबरची खूण उमटते. यंत्र सीडी मागतं, थोडा वेळ घरघरतं आणि मग मात्र म्हणतं, आता मला बंद करून चालू करा. चालेल. या कामासाठी चालेल.

परत आल्यावर भाषांच्या यादीत तुम्ही खाली सरकत जाता. हिंदी आहे. कोंकणी आहे. मराठी आहे. संस्कृत आहे, तमिळ आहे. गुजराती, कन्नड, तेलुगू नाहीत, त्यांना एक्सपीपर्यंत थांबावं लागणार आहे, बंगाली आणि मल्याळमला त्याच्याही पुढे. तुम्ही मराठी निवडता. खाली घड्याळाशेजारी एक निळा चौकोन येतो. त्यात दोन इंग्रजी अक्षरं, ई आणि एन. डाव्या हाताच्या ऑल्टबरोबर शिफ्ट दाबा. अक्षरं बदलतात. 

म्हणजे आता मराठी. 

आता पिशवीतली फ्लॉपी काढा.

आजी गिरगावात राहते. तिची पदार्थांची वही चाळीस वर्षांची, पानं तेलकट, हळदीचे डाग. दोन वर्षांपूर्वी तिच्या पंचाहत्तरीला ती वही छापायची असं घरात ठरलं. चाळीखालच्या डीटीपीवाल्या काकांनी महिनाभर बसून ती टाइप केली, पन्नास पुस्तिका निघाल्या, नातेवाइकांत वाटल्या गेल्या. काकांनी मजकूर एका फ्लॉपीत भरून दिला आणि वर सांगितलं, "फॉन्टसुद्धा घेऊन जा हो. नाहीतर दुसरीकडे काही दिसायचं नाही." त्यांच्या हिशेबानं ते अगदी बरोबर सांगत होते. तुम्ही हसून मान हलवलीत आणि फॉन्ट घ्यायला विसरलात.

फ्लॉपी खटखटते. फाइल वर्डपॅडमध्ये उघडते. आणि पडद्यावर जे येतं ते तुम्ही कंपनीत, घरी, सायबर कॅफेत शंभर वेळा पाहिलेलं आहे. डोक्यावर टिंबं असलेली परकी रोमन अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच पदवीचं वर्तुळ, एक उलटं प्रश्नचिन्ह, एक तुटकी उभी रेघ. आजीच्या चिंचेच्या आमटीचा एखाद्या जर्मन यंत्रानं केलेला पंचनामा वाटावा असं.

जरा थांबा. हे असं का होतं ते आज नीट बघून घ्या, कारण त्याचं उत्तर याच पडद्यावर आहे.

काकांच्या संगणकाला मराठी येतच नव्हतं. त्याला फक्त अडीचशेच्या आसपास चिन्हं येत होती, तीही युरोपातली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक हुशार तोड काढली. या चिन्हांची चित्रं बदलायची. पौंडाच्या जागी अर्धा 'च' काढायचा, पदवीच्या वर्तुळाच्या जागी वेलांटीचा तुकडा, रेघेच्या जागी काना. माणसाला पडद्यावर 'चिंच' दिसते, यंत्राच्या पोटात मात्र परकी चिन्हंच राहतात. मुखवटा काढला की खालचा चेहरा बाहेर. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. एकाच्या फॉन्टमधला 'च' दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये 'ठ' निघतो. सी-डॅकचं जिस्ट कार्ड, आयएसएम, श्रीलिपी, आकृती... महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक यांच्याच जोरावर निघतात, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यातल्या बहुतेक मजकुरात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि फॉन्ट हरवला की सगळंच हरवतं. कागदावर मराठी असते, फ्लॉपीत नसते.

म्हणून हे नवंकोरं यंत्रही आजीची वही वाचू शकत नाही. त्याला मराठी येतं. फ्लॉपीतच मराठी नाही.

मग नोटपॅड उघडा आणि फॉन्टच्या यादीतून मंगल निवडा. काकांकडून आणलेला इनस्क्रिप्ट कळफलकाचा झेरॉक्स मॉनिटरला टेकवून ठेवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. हा कळफलक सरकारनं ऐंशीच्या दशकातच ठरवून दिला. तुमच्या बोटांना मात्र तो आज पहिल्यांदा भेटतोय.

आजीच्या वहीतलं पहिलं वाक्य तुम्हाला तोंडपाठ आहे: चिंचेची आमटी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मुळीच करू नये.

अर्धविरामाची कळ दाबा. 'च' येतो. अख्खा, शिरोरेघेसकट. आता एफ दाबा. ऱ्हस्व वेलांटी. ती 'च'च्या नंतर दाबलीत, कारण तुम्ही तोंडानं आधी च आणि मग इ म्हणता. आणि पडद्यावर ती टुणकन उडी मारून 'च'च्या डावीकडे जाऊन बसते. चि. डीटीपीवाल्या कित्येक कळफलकांवर वेलांटी आधी दाबावी लागे, कारण तिथे चित्रं डावीकडून उजवीकडे मांडायची असत. इथे तुम्ही उच्चार सांगता आणि कुठलं चित्र कुठे बसवायचं ते यंत्र बघतं. एक्स दाबा, अनुस्वार. पुन्हा अर्धविराम. चिंच.

आता 'मिरच्या' लिहून बघा. सी, एफ, जे: मिर. मग 'च'. मग डी, म्हणजे हलन्त. 'च'चा पाय मोडतो, खाली तिरकी रेघ दिसते. मग 'य'. पाय मोडलेला 'च' क्षणात अर्धा होतो आणि 'य'ला बिलगतो. च्य. काना द्या. मिरच्या.

हे काम करणाऱ्या विंडोजच्या भागाचं नाव युनिस्क्राइब. त्याला उच्चारांची रांग मिळते आणि तो तिची अक्षरं जुळवतो, जुन्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासारखी. खात्री करायची असेल तर डावीकडचा बाण दाबत मागे जा. कर्सर 'च्या'च्या मधे कुठेही थांबत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे जातो. त्याला ठाऊक आहे की हे एक अक्षर आहे. पण ओळीच्या शेवटी जाऊन बॅकस्पेस दाबा. आधी फक्त काना जातो. पुन्हा दाबा, 'य' जातो आणि पाय मोडलेला 'च' उघडा पडतो. ज्या क्रमानं लिहिलंत, त्याच्या उलट क्रमानं सगळं सुटत येतं. आईनं विणलेला स्वेटर उसवताना टाके सुटावेत, तसं.

या 'च'ला आता एक कायमचा क्रमांक आहे. शून्य, नऊ, एक, ए. युनिकोड नावाच्या जागतिक वहीत देवनागरीसाठी १२८ घरं राखून ठेवली आहेत, त्यातलं हे त्याचं घर. ही घरं कुठल्या क्रमानं मांडायची ते परदेशात कोणी मनानं ठरवलं नाही. आपल्याकडे इस्की नावाचं मानक आधीच तयार होतं, त्याच्या १९८८ च्या आवृत्तीची मांडणी युनिकोडनं उचलली. म्हणजे ज्याला तुम्ही आज अमेरिकेहून आलेला पाहुणा समजताय, त्याच्या खिशात आपल्याच घरची किल्ली आहे.

आणि हा मंगल फॉन्ट? तो ज्यांच्या नावावर आहे ते र. कृ. जोशी इथून फार लांब नाहीत. जाहिरातीच्या क्षेत्रात उमेदीची वर्षं घालवलेले सुलेखनकार आणि कवी, पवईच्या आयआयटीत त्यांनी तेरा वर्षं शिकवलं आणि आता जुहूच्या एनसीएसटीत लिपी आणि संगणक यांची सोयरीक जमवतायत. सीप्झहून रिक्षानं अर्ध्या तासाचा रस्ता.

आता वाक्याच्या दुसऱ्या शब्दापुढे चला. ॲल्युमिनियम.

आणि इथे ठेच लागते. झेरॉक्सवर 'अ'वर चंद्र असलेलं अक्षर नाही. शिफ्ट आणि एक दाबलं तर 'ए'वर चंद्र येतो: ऍ. हिंदीत हे चालेल. पण ज्या भाषेत बँक सोडून बाकी सगळं ॲ-नंच सुरू होतं, ॲसिडिटी, ॲडव्हान्स, ॲडमिशन, त्या भाषेला 'ए'च्या टोपीवर वेळ मारून न्यावी लागणार. त्या १२८ घरांत मराठी 'ॲ'ला अजून घरच मिळालेलं नाही. ते मिळायला २००८ साल उजाडणार आहे. तुम्ही क्षणभर थांबता आणि नाइलाजानं 'ऍल्युमिनियम' लिहिता. आजीला खपणार नाही, पण बघू.

वाक्य पूर्ण झालं. सेव्ह करा. नाव विचारतं तिथे, कळफलक मराठीच ठेवून, लिहा: आजीची वही. यंत्र जरा घुटमळतं आणि एक सूचना समोर टाकतं. या मजकुरात युनिकोडची अक्षरं आहेत, नेहमीच्या पद्धतीनं ठेवलात तर ती नष्ट होतील. खालच्या यादीतून युनिकोड निवडा. निवडता. फाइल डेस्कटॉपवर येऊन बसते आणि तिच्या चित्राखाली लिहिलेलं असतं: आजीची वही.

हे बघत जरा वेळ बसा. डॉसच्या काळात फाइलचं नाव आठ इंग्रजी अक्षरांत कोंबायला शिकलेला माणूस तुमच्यात अजून जिवंत आहे. त्याच्या दृष्टीनं नाव ही यंत्राची खासगी गोष्ट होती, तिथे आपली भाषा शिरत नसे. मजकुरात मराठी, ती मुखवट्यापुरती. पण कपाटावरची चिठ्ठी कायम इंग्रजीत. आज चिठ्ठी मराठीत आहे. सावली, निळा रंग, अलगद उमटणारे मेन्यू, हे सगळं आठवड्याभरात डोळ्यांना सरावेल. हे सरावणार नाही.

अर्थात उमेदवारच तो. आश्वासनं पाळताना कुठे कुठे कमी पडतो तेही बघून घ्या. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि फाइलींची यादी मागा. 'आजीची वही'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. कंपनीचं स्वतःचं बिलिंग सॉफ्टवेअर चालवून ग्राहकाच्या नावात मराठी लिहून बघा. पुन्हा प्रश्नचिन्हं. कारण साधं आहे. जुने प्रोग्रॅम अडीचशे चिन्हांच्या तक्त्यावर चालतात. रशियन, अरबी, थाई यांना निदान आपापले तक्ते आहेत. मराठीला तसा तक्ताच दिलेला नाही, तिला फक्त युनिकोड. ज्या प्रोग्रॅमला युनिकोड कळतं त्याच्यापुरती तुमची भाषा अस्तित्वात आहे, बाकीच्यांच्या लेखी ती म्हणजे प्रश्नचिन्ह. आणि ही फाइल फ्लॉपीत घालून घरच्या विंडोज ९८ मध्ये नेलीत, तर तिथलं नोटपॅड पुन्हा तोच पंचनामा दाखवेल.

साडेआठ वाजतात. मजल्यावरचे दिवे एकेक बंद होतायत. निघण्यापूर्वी तुम्ही आमटीची कृती पूर्ण टाइप करता, बारा ओळी, एकेक अक्षर झेरॉक्सवर शोधत. लेझर प्रिंटरला कागद घालून छापता. कागद गरम बाहेर येतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चर्नी रोडला उतरून तुम्ही गिरगावात. आजी खिडकीत चष्मा लावून पेपर वाचते आहे. तुम्ही कागद पुढे करता आणि उत्साहानं युनिकोड, युनिस्क्राइब सगळं सांगायला लागता. ती कागद डोळ्यांपासून लांब धरते, मग जवळ आणते.

"हे कुठल्या शाळेत शिकलेलं? 'ल' असा काढतात होय?"

तुम्ही कागद घेऊन पाहता. तिचं खरं आहे. मंगलमधला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. काल कितीतरी वेळ तुम्ही हेच अक्षर पाहत होता आणि तुमच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आणि ॲल्युमिनियमला हा कसला ए लावलायस?"

तुम्ही सांगता की तेवढं अजून व्हायचं आहे. ती पुढे वाचत जाते, ओठ हलवत. मधेच थांबते.

"मीठ दोन चमचे? त्या पुस्तिकेतही हीच चूक होती. एक चमचा रे. मी त्या काकांना सांगितलं होतं, तर म्हणाले, आता फिल्म निघाली, बदलता येणार नाही." मग तुमच्याकडे बघून, जरा संशयानं, "यात बदलता येतं?"

"येतं."

"मग बदल."

कालपासून तुम्ही जे बघताय ते तिनं दोन शब्दांत सांगितलं. बदलता येतं का? पन्नास पुस्तिका छापून झाल्या तरी आजीच्या वहीतला मजकूर तिच्या हातातून गेलेलाच होता. तो एका दुकानातल्या, एका फॉन्टमधल्या, एका फ्लॉपीतल्या चित्रांच्या रांगेत गोठून बसला होता. कालच्या त्या अर्धवट, मुक्या, कोपऱ्यात पेन्सिलीची नोंद मिरवणाऱ्या यंत्रात तो बारा ओळींपुरता पुन्हा मऊ झाला. मीठ बदलण्याइतका.

चला, परत येऊ.

त्याच नोव्हेंबरात तिसरा उमेदवार आला, बिल्ड २१८३. १५ डिसेंबर १९९९ ला काम संपलं असं जाहीर झालं, तेव्हा कोपऱ्यातला आकडा २१९५ होता. १७ फेब्रुवारी २००० ला विंडोज २००० बाजारात आलं. जग वायटूकेनं बुडालं नाही. र. कृ. जोशी २००८ मध्ये गेले. त्याच वर्षी 'ॲ'ला घर मिळालं. मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' ही पाटी मात्र पुढेही कित्येक वर्षं टांगलेली होती. यंत्राला मराठी आलं म्हणून माणसं लगेच त्याच्याशी मराठीत बोलायला लागली नाहीत. तयार झालेली छापखान्याची घडी, हाताला बसलेला कळफलक, विकत घेतलेले फॉन्ट, हे एका सीडीनं बदलत नसतं.

आता बाजूला ठेवलेला फोन उचला. त्यावर 'मिरच्या' लिहा. अर्धा 'च' 'य'ला बिलगतो ते तुम्ही पाहतही नाही, इतकं ते सवयीचं झालंय. त्या 'च'चा क्रमांक अजूनही तोच आहे.

पण तुमच्या घरात, माळ्यावरच्या एखाद्या डब्यात, ती फ्लॉपीही अजून असेल. फ्लॉपी नसेल तर सीडी असेल, जुन्या पीसीतून काढून ठेवलेली हार्ड डिस्क असेल. त्यात कोणाची तरी वही आहे, कोणाचा प्रबंध, मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, आजोबांच्या आठवणी, सगळं चित्रांच्या रांगेत गोठलेलं. ते मराठीत आणून देणारे परिवर्तक आज मिळतात, पण त्यांना एक गोष्ट सांगावी लागते: मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये आहे. ज्यांना ते आठवतं ते डीटीपीवाले काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. फ्लॉपी चुंबकीय असते, ती वर्षागणिक विरत जाते. या रविवारी डबा खाली काढा, मजकूर नव्या डिस्कवर उतरवून घ्या आणि काकांना फोन करून फॉन्टचं नाव विचारा. मीठ नंतर दुरुस्त करता येईल.